टेकन पहिल्यांदा खेळताय? पॉलला घ्या आणि सगळे भाग त्याच्याबरोबर फिरा

पॉल फिनिक्स निवडा. ताडासारखे उभे केस, बाह्या फाटलेला लाल ज्युदोचा पोशाख, चेहऱ्यावर कायम भांडण. टेकन या फायटिंग गेमच्या मालिकेतल्या आठही क्रमांकित भागांत न चुकता हजर असलेली माणसं मोजकीच आहेत आणि पॉल त्यांतला एक. नीना आणि योशिमित्सूही आहेत, पण नव्या खेळाडूच्या हाताला पॉल लवकर बसतो. शिवाय त्याचा एक मुक्का १९९४च्या पहिल्या भागापासून आजवर त्याच कमांडवर आहे: खाली, तिरकं खाली-पुढे, पुढे आणि उजवा मुक्का. खेळाडू त्याला डेथफिस्ट म्हणतात. लागला की आयुष्याच्या पट्टीतला मोठा लचका जातो.

हा सल्ला देण्यामागे कारण आहे. टेकनमध्ये खरी लढाई दोघांच्या मधल्या अंतराची असते, असं मला इतकी वर्षं खेळून वाटत आलंय. मुक्के आणि लाथा त्या अंतराचा निकाल लावतात, एवढंच. प्रत्येक भागाने या अंतराबद्दल वेगळा निर्णय घेतला. मागे सरकायला किती जागा द्यायची, बाजूला व्हायला किती वाव ठेवायचा, भिंत घालायची की नाही. भागागणिक कॅरेक्टर बदललंत तर हे फरक हाताला कळत नाहीत, कारण सगळंच बदललेलं असतं. पॉल तोच ठेवा. मग त्याच्या पायाखालची जमीन बदलल्याचं लगेच जाणवतं.

पायरी पहिली: आठव्या भागापासून सुरू करा

जुने खेळाडू नव्या माणसाला हमखास तिसरा भाग सुचवतात. त्यांचं प्रेम मला कळतं, माझंही तिसऱ्यावर आहे. पण तिसरा भाग तुम्हाला काहीच शिकवत नाही. हरलात तर का हरलात हे तो सांगत नाही, आणि समोर शिकवणारं माणूस बसलेलं नसेल तर महिनाभर नुसती बटणं बडवण्यात जातो.

आठवा भाग जानेवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर आला. शिकवण्याच्या बाबतीत मालिकेतला एकही भाग त्याच्या जवळपास येत नाही. सराव मोडमध्ये प्रत्येक मूव्हचे फ्रेमचे आकडे, म्हणजे ती पडद्यावरच्या किती चित्रांएवढा वेळ घेते ते, समोर दिसतात. झालेल्या मॅचचा रिप्ले बघताना मध्येच थांबवून कंट्रोल स्वतःकडे घेता येतो. इथे दुसरं काय करता आलं असतं, हे जागच्या जागी करून बघता येतं. मी शिकत होतो तेव्हा ही सोय असती तर माझी कित्येक वर्षं वाचली असती.

खेळायला बसण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. तो बंद असला तर बटण दाबणं आणि पडद्यावर हात हलणं यांत उशीर पडतो आणि मग जमत नसल्याचा दोष तुम्ही स्वतःला देत बसता. कंट्रोलर घरात जो असेल तो चालेल. जॉयस्टिक विकत घ्यायची घाई नको. साध्या पॅडवर खेळणारे उत्तम खेळाडू भरपूर आहेत.

आठव्या भागात ‘स्पेशल स्टाइल’ नावाची सोय आहे. खेळता खेळता एक बटण दाबलं की मोजक्या चांगल्या मूव्ह आणि कॉम्बो, म्हणजे एकापाठोपाठ लागणाऱ्या फटक्यांच्या साखळ्या, सोप्या बटणांवर येतात. पहिले दोन-तीन दिवस ती वापरा, त्यात कमीपणा नाही. कोणत्या मूव्ह महत्त्वाच्या आहेत याची तिच्यामुळे ओळख होते. नंतर मात्र बंद करा, कारण तिच्या चौकटीत पॉलच्या निम्म्या गोष्टी बसतच नाहीत.

पायरी दुसरी: चार बटणं, चार अवयव

टेकनची बटणं पहिल्या भागापासून एकाच तत्त्वावर आहेत. १ म्हणजे डावा हात, २ उजवा हात, ३ डावा पाय, ४ उजवा पाय. सगळीकडे मूव्ह याच आकड्यांत लिहिल्या जातात, म्हणून हे आकडे आजच पाठ करा. इतर अनेक फायटिंग गेममध्ये हलका, मध्यम, जोरकस अशी बटणं असतात. टेकनमध्ये बटण म्हणजे शरीराचा भाग, त्यामुळे पडद्यावरचा माणूस आणि तुमची बोटं यांचं नातं फार लवकर जुळतं.

हल्ल्याच्या उंच्या तीन. उंच हल्ला उभ्याने ब्लॉक होतो आणि खाली बसलं की डोक्यावरून जातो. मधला हल्ला उभ्याने ब्लॉक होतो, पण बसलेल्याला लागतो. खालचा हल्ला बसूनच ब्लॉक करावा लागतो. म्हणजे उभं राहिलात तर खालच्याची भीती आणि बसलात तर मधल्याची. सगळा खेळ या पेचावर उभा आहे. नव्या खेळाडूने मुळात उभं राहावं. खालचे हल्ले बहुतेक वेळा थोडंच नुकसान करतात, तर बसलेले असताना मधला लाँचर लागला की तुम्ही हवेत जाता आणि अर्धी पट्टी उतरते. थोडं खाऊन मोठं वाचवायचं.

पकड म्हणजे थ्रोदेखील साधारण उंच हल्ल्यातच मोडते, बसलं की चुकते. उभ्याने सापडलात तर ती सोडवायला वेळेत बटण दाबावं लागतं. सातव्या आणि आठव्या भागात साधी पकड १ किंवा २, कशानेही सुटते. सुरुवातीला एवढं पुरे.

आता पॉलच्या मूव्ह. यादीत त्या शंभराच्या वर दिसतील, त्या यादीकडे बघूच नका. पहिल्या महिन्यात एवढ्याच घ्या: उभ्याने १, २ असे पटपट दोन मुक्के, तिरकं खाली-पुढे आणि १, म्हणजे मधल्या उंचीचा छोटा मुक्का, तिरकं खाली-पुढे आणि २, समोरच्याला हवेत उडवणारा, एक कोणतीही खालची लाथ, आणि डेथफिस्ट. उडवल्यावर लावायचा एकच कॉम्बो शिका, चार-पाच फटक्यांचा. मोठा कॉम्बो दहातून तीनदा जमण्यापेक्षा छोटा दहातून नऊदा जमलेला बरा.

डेथफिस्टबद्दल एक सूचना. पहिल्यांदा तो लागला की इतका आनंद होतो की माणूस पुढचे शंभर राउंड तोच मारत सुटतो. तसं करू नका. तो सरळ रेषेत जातो, सावध खेळाडू बाजूला सरकून चुकवतो किंवा ब्लॉक करून तुम्हाला शिक्षा देतो, म्हणजे तुम्ही सावरायच्या आत उलट फटका मारतो. समोरच्याने काहीतरी मारलं आणि ते हुकलं, त्या क्षणासाठी तो राखून ठेवा.

पायरी तिसरी: चालायला शिका

बहुतेक मार्गदर्शक इथे कॉम्बोकडे वळतात. मी तुम्हाला आठ दिवस नुसतं चालायला सांगणार आहे.

सराव मोड लावा आणि मागे-मागे असं दोनदा दाबा. पॉल झटक्यात मागे सरकेल. हा बॅकडॅश. पुन्हा लगेच दोनदा दाबलंत तर मध्ये थोडा अडखळेल, कारण पहिली हालचाल पुरी झाल्याखेरीज दुसरी सुरू होत नाही. आता बॅकडॅशनंतर क्षणभर तिरकं खाली-मागे दाबा, मग मागे, मग पुन्हा मागे. खाली बसण्याच्या हालचालीने पहिला बॅकडॅश अर्ध्यात तुटतो आणि दुसरा ताबडतोब सुरू होतो. ही साखळी जमली की माणूस लाटेसारखा मागे जातो. कोरियन खेळाडूंमुळे हिला कोरियन बॅकडॅश म्हणतात. पहिल्या दिवशी अंगठा दुखेल आणि हालचाल वेडीवाकडी होईल. रोज पाच मिनिटं, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी करा. उजवीकडे उभं असताना जमणं आणि डावीकडे जमणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग बाजूला सरकणं. वर किंवा खाली एकदा हलकेच टिचकी मारलीत की साइडस्टेप. टिचकीनंतर लगेच तीच दिशा दाबून धरलीत की माणूस बाजूला चालत राहतो. समोरच्या कॅरेक्टरच्या बऱ्याच मूव्ह एका बाजूने सहज चुकतात आणि दुसऱ्या बाजूने लागतात. कोणाविरुद्ध कोणत्या बाजूला जायचं हे हळूहळू साठत जाणारं ज्ञान आहे. पाठ करायला बसू नका. एखादी मूव्ह सारखी लागते असं दिसलं की सराव मोडमध्ये संगणकाला तीच करायला लावा आणि दोन्ही बाजूंना सरकून बघा.

इतका आग्रह का, तर हल्ला चुकवल्यावर जे मिळतं ते ब्लॉक करून मिळत नाही. समोरच्याचा हात हवेत, पाय अडकलेला, आणि तुम्ही अर्धा हात बाहेर उभे. डेथफिस्टची वेळ ती. माझ्या मते पूर्ण मालिकेतलं सर्वांत मोठं सुख या एका क्षणात आहे आणि ते पहिल्या आठवड्यातसुद्धा मिळू शकतं.

पायरी चौथी: शिक्षा

टेकन सेकंदाला ६० फ्रेम चालतो. जवळजवळ प्रत्येक कॅरेक्टरचा सर्वांत वेगवान मुक्का दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. समोरच्याची मूव्ह तुम्ही ब्लॉक केली आणि तो तुमच्यापेक्षा दहा फ्रेम उशिरा मोकळा होत असला, तर तुमचा १, २ त्याला लागणारच. त्याला ब्लॉक करायलाही वेळ नाही. पंधरा फ्रेमचा उशीर असला तर पॉलचा तिरकं खाली-पुढे २ लागतो आणि समोरचा हवेत जातो.

आकड्यांना घाबरायचं कारण नाही. एकच प्रश्न लक्षात ठेवा: ही मूव्ह ब्लॉक केल्यावर मला छोटी शिक्षा देता येते की मोठी? आठव्या भागात शिक्षेचा सराव करायला वेगळी सोय आहे, संगणक मूव्ह करतो आणि तुम्ही योग्य उत्तर द्यायचं. रिप्लेमध्येही ‘इथे ही शिक्षा देता आली असती’ असं सुचवलं जातं. रोज दहा मिनिटं याला द्या. महिन्याभरात तुम्ही अशा लोकांना हरवू लागाल ज्यांचे कॉम्बो तुमच्यापेक्षा दुप्पट लांब आहेत.

पायरी पाचवी: ऑनलाइन जा, आणि आठव्या भागाबद्दल माझी तक्रार ऐका

तयारी झाली की मग ऑनलाइन जाऊ असं म्हणू नका. पहिल्या आठवड्यातच जा. हराल. प्रत्येक बैठकीनंतर एकच रिप्ले बघा, सर्वांत वाईट हरलेला, आणि त्यातली एकच गोष्ट दुसऱ्या दिवशी सरावाला घ्या. त्याच माणसाशी दुसरी आणि तिसरी मॅच खेळायला मिळाली तर जरूर खेळा. पहिल्या मॅचमध्ये तो काय करतो हे दिसतं, दुसरीत त्यावर उपाय करून बघता येतो.

आठव्या भागात ‘हीट’ नावाची यंत्रणा आहे. राउंडमध्ये एकदाच ती पेटवता येते, साधारण दहा सेकंद टिकते, आणि तेवढ्या वेळात तुमचे हल्ले ब्लॉक झाले तरी समोरच्याची पट्टी थोडी झिजते. तिच्यातून एक जबरदस्त शेवटचा फटकाही मिळतो. पॉलच्या हातात हीट असताना समोरचा अक्षरशः आक्रसतो. नव्या खेळाडूला याचा फायदाच आहे. पुढे जायचं कसं हे ज्याला सुचत नाही, त्याच्या हातात गेमच पुढे जाण्याचं कारण देतो.

तक्रार इथूनच सुरू होते. मागे सरकून, जागा राखून, समोरच्याच्या चुकीची वाट बघत खेळणं आठव्या भागात महाग पडतं. गेम सारखा म्हणत राहतो, जा पुढे, मार. एप्रिल २०२५ मध्ये दुसऱ्या सीझनच्या बदलांनी जवळपास सगळ्यांच्या हल्ल्याला आणखी धार दिली, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी उघड नाराजी दाखवली आणि निर्मात्यांना नंतर दुरुस्त्या आणाव्या लागल्या. ती नाराजी मला रास्त वाटली. शिकण्यासाठी आठवा भाग सर्वोत्तम आहे यावर मी ठाम आहे. पण टेकन म्हणजे एवढंच, असं त्यावरून ठरवू नका. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी सहावी: दोन-तीन महिन्यांनी सातवा भाग

सातवा भाग आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या सार्वजनिक मशीनवर, २०१५ला आला, घरच्या मशीनवर आणि पीसीवर जून २०१७ मध्ये. हीट नाही. पट्टी धोक्यात आली की ‘रेज’ मिळतो आणि त्यातून एक मोठा शेवटचा हल्ला करता येतो. पॉलला घेऊन पहिली मॅच खेळा. आठव्यातून आल्यावर चमत्कारिक शांतता जाणवेल. समोरचा अंगावर येत नाहीये. दोघेही एकमेकांच्या हाताच्या जेमतेम बाहेर पुढे-मागे झुलताहेत. इथे तिसऱ्या पायरीत घोटलेलं सगळं उपयोगी पडतं.

आणखी एक गोष्ट या भागाने अशी केली की मी तिला मनापासून दाद देतो. दोघांची पट्टी संपत आलेली असताना दोघांनी एकाच वेळी हल्ला केला की दृश्य संथ होतं. कोणाचा हात आधी पोचतोय हे बघताना खेळणाऱ्याचा आणि बघणाऱ्याचा, दोघांचाही श्वास अडकतो. फायटिंग गेम कधी न खेळलेल्या माणसालाही त्या क्षणी काय चाललंय ते कळतं.

लाहोरचा खेळाडू अर्सलान ॲश याच भागात २०१९ला आधी इव्हो जपान आणि मग अमेरिकेतली इव्हो स्पर्धा जिंकून जगासमोर आला. त्याच्या त्या काळातल्या मॅच शोधून बघा. बघताना हल्ल्यांकडे नको, पायांकडे लक्ष ठेवा. तो किती वेळा काहीच न मारता नुसता जागा बदलतो ते मोजा. माझ्यासाठी ते कोणत्याही शिकवणीपेक्षा मोलाचं ठरलं.

सातव्याचं वाईट तेही सांगतो. शिकवण्याच्या बाबतीत तो सुरुवातीला जवळजवळ मुका होता, आणि फ्रेमचे आकडे दाखवणारी सोय नंतर वेगळे पैसे घेऊन दिली गेली. शिक्षा किती मिळते हे कळणं हा खेळाचा पाया आहे. तो वेगळा विकायला नको होता. म्हणूनच सुरुवात सातव्यापासून करा असं मी म्हणत नाही.

पायरी सातवी: पाचव्याची डिस्क, तिच्यात तिसराही

आता मागे जाऊ या. प्लेस्टेशन २ असेल किंवा कोणाकडून मिळत असेल, तर टेकन ५ ची डिस्क मिळवा. हा भाग आर्केडमध्ये २००४ला आणि घरी २००५ला आला. त्या एका डिस्कवर पहिल्या तिन्ही भागांच्या आर्केड आवृत्त्याही आहेत. जुना टेकन चाखायला यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

तिसऱ्या भागाची इतर प्रत घेताना जपा. युरोपीय आवृत्ती ५० हर्ट्झवर चालते, म्हणजे मूळ ६०च्या तुलनेत सगळं संथ होतं. २०१८ला आलेल्या छोट्या प्लेस्टेशन क्लासिक यंत्रात तिसऱ्या भागाची हीच आवृत्ती घातली होती. तिच्यावर बोटं बसवलीत तर नंतर सगळीकडे तुमचा वेळ चुकेल.

आधी तिसरा लावा. १९९७चा आर्केड गेम. याच भागाने साइडस्टेप सगळ्यांच्या हातात दिला आणि आधीच्या भागांतल्या त्या तरंगत्या, उंचच उंच उड्या आटोक्यात आणल्या. आज आपण ज्याला टेकनची चाल म्हणतो ती इथे जन्मली. रिंगणाला भिंती नाहीत. मागे जात राहा, जमीन संपतच नाही. पॉलचा डेथफिस्ट लागला की समोरचा दूर जाऊन पडतो आणि मध्ये नुसतं मोकळं मैदान उरतं. आठव्यातून थेट इथे आलात तर वाटेल की गेमने तुम्हाला एकटं सोडलंय. मला तो मोकळेपणा फार आवडतो. संगणकाशी खेळण्यापेक्षा शेजारी माणूस बसवून खेळा.

एडीबद्दल बोलायलाच हवं, कारण नव्या खेळाडूला शेजारचा माणूस हमखास एडीनेच हरवतो. कापोएरा ही ब्राझीलची लढाईची कला खेळणारा हा गडी तिसऱ्या भागात आला आणि दोन लाथांची बटणं आलटून पालटून बडवली तरी तो सुंदर दिसतो. त्याच्याविरुद्ध उपाय साधा आहे. ब्लॉक धरा, घाई करू नका आणि त्याच्या लाथांची माळ संपली की छोटी शिक्षा द्या. चार वेळा शिक्षा मिळाली की बडवणारा थांबतो.

मग पाचवा. याला मी मालिकेतला सर्वांत समतोल भाग मानतो, विशेषतः त्याची ‘डार्क रिझरेक्शन’ ही सुधारित आवृत्ती. ती आर्केडमध्ये २००५ला आणि पीएसपीवर २००६ला आली. तिसऱ्याची मोकळी चाल आहे, भिंतीही आहेत, आणि दोन्ही एकमेकींच्या पायात येत नाहीत. खालच्या हल्ल्यावरून उडी मारत मारायचं, उंच हल्ल्याखालून वाकून मारायचं, हे नियम इथे पक्के झाले. डेथफिस्टने समोरचा भिंतीवर आदळला की पुढे दोन फटके आणखी मिळतात. त्यामुळे राउंड सुरू झाल्यापासून तुम्ही भिंत कुठे आहे ते बघत खेळता. मागे सरकायला जागा आहे, पण ती मोजून मिळालेली. ही मोजलेली जागाच मला टेकनचं योग्य माप वाटते.

शेवटचा शत्रू जिनपाची मात्र अन्यायी आहे. लांबून आगीचा गोळा फेकतो आणि जागच्या जागी खिळवून ठेवतो. त्याच्याशी हरलात म्हणून खेळ येत नाही असं समजू नका.

पायरी आठवी: चौथा, पूर्वग्रह बाजूला ठेवून

चौथ्या भागाला (आर्केड २००१, प्लेस्टेशन २ वर २००२) खेळाडूंनी फारसं स्वीकारलं नाही आणि पाचव्यात बरंचसं पुन्हा तिसऱ्याच्या वाटेवर नेलं गेलं. भिंती पहिल्यांदा इथे आल्या. जमीन उंचसखल केली, मध्ये अडथळे ठेवले. चढावर उभ्या माणसाला मारताना नेहमीचा कॉम्बो चुकतो, अडथळ्यामागे अडकलं की सुटका नाही. त्यात जिन हे कॅरेक्टर इतरांपेक्षा इतकं सरस निघालं की गंभीर स्पर्धेत त्याच्यापुढे बाकीच्यांचा निभाव लागणं कठीण झालं. या तक्रारी खऱ्या आहेत.

तरीही हा भाग खेळा, कारण भिंतीचा विचार किती मोठा आहे हे इथे उघडं दिसतं. तिसऱ्यातला पॉल आणि चौथ्यातला पॉल एकाच दिवशी लागोपाठ खेळून बघा. तिसऱ्यात मागे सरकणं हा हक्क होता. चौथ्यात चार पावलांत पाठ टेकते आणि मग बाजूला निसटणं किंवा समोरच्याला पकडून जागा अदलाबदल करणं हाच रस्ता उरतो. पुढच्या प्रत्येक भागातली भिंत या फसलेल्या प्रयोगाची देणगी आहे. शिवाय प्रत्येक कॅरेक्टरची कथा रेखाचित्रांतून आणि शांत निवेदनातून सांगितली आहे. मालिकेत इतकी हळवी मांडणी पुन्हा कधी झाली नाही. पॉलची आवर्जून बघा. तिसऱ्या भागात त्याने ओगर या शेवटच्या शत्रूला हरवलं, स्पर्धा जिंकली असं समजून तो घरी निघून गेला आणि मागे ओगरने खरं रूप घेतलं. ती सल त्याच्या पुढच्या कहाणीत आहे.

उरलेले भाग, घाई न करता

सहावा (आर्केड २००७, घरी २००९) मी नव्या खेळाडूला सुचवत नाही. हवेतल्या माणसाला जमिनीवर आपटून कॉम्बो पुन्हा लांबवायची ‘बाउंड’ पद्धत इथे आली आणि रेजही. एक चूक झाली की बराच वेळ हातावर हात ठेवून बघत बसायचं. पॉलसाठी तो वाईट नाही, पण शिकायला कंटाळवाणा आहे.

पहिला टॅग टूर्नामेंट (आर्केड १९९९, प्लेस्टेशन २ वर २०००), म्हणजे दोन-दोन गड्यांच्या जोड्यांचा टेकन, दोघांनी एका सोफ्यावर खेळायला आजही मस्त. जोडीतला एक जरी पडला तरी हार, हा नियम ध्यानात ठेवा. जखमी गड्याला वेळेत बाहेर बोलावणं हेच अर्धं कौशल्य.

टॅग टूर्नामेंट २ (२०११, घरी २०१२) सर्वांत शेवटी ठेवा. सहाव्यातलं सगळं, त्यात जोड्या, त्यात जोडीने मारायचे कॉम्बो, आणि पन्नासहून जास्त कॅरेक्टर. अनुभवी माणसालाही इथे धाप लागते. एक पळवाट मात्र आहे: या भागात जोडीविरुद्ध एकटं खेळता येतं. पॉलला एकट्याला घ्या आणि कॉम्बोच्या जंजाळात न शिरता चाल आणि शिक्षा एवढ्यावर खेळून बघा. मला या भागातल्या सर्वांत चांगल्या मॅच अशाच मिळाल्या.

पहिल्या दोन भागांसाठी एक संध्याकाळ पुरते. पाचव्याच्या डिस्कवर पहिला भाग लावा. माणसं ठोकळ्यांची, उड्या छतापर्यंत, बाजूला सरकायचं म्हटलं तर पाय हलत नाहीत. पॉल निवडा. खाली, तिरकं, पुढे आणि उजवा मुक्का.